ठाणे-नवी मुंबईतून उद्यानविद्येत पीएचडी करायचीय? आधी बागेचं कॅलेंडर बघा

"ताई, एमएस्सी हॉर्टी झाली, आता पीएचडीचं कसं करू?" हा मेसेज मला दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर येतो, आणि बहुतेक वेळा तो ठाणे, कळवा, कोपरखैरणे, पनवेल इकडच्याच मुलामुलींचा असतो, कारण आपल्या इथे इंजिनिअरिंगचं विचारायला प्रत्येक सोसायटीत चार जण सापडतात पण शेतीतल्या पीएचडीचं विचारायला कोणीच नसतं. मी ऐरोलीची. दापोलीला फळशास्त्रात पीएचडी केली, पीक हापूस. २०१८ ला प्रवेश घेतला आणि २०२२ ला वायवा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा झाली. मला जे कोणी सांगितलं नव्हतं आणि ज्याच्यात माझे महिनेच्या महिने गेले ते सगळं इथे लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं पहिलंच सांगते. ही पीएचडी सेमिस्टरवर नाही, हंगामावर चालते. फळझाडावरच्या प्रयोगाला साधारणपणे दोन हंगामांचा डेटा लागतो, आणि एक हंगाम हुकला तर एक महिना नाही, अख्खं वर्ष जातं. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना मनात हेच धरा की माझा पहिला हंगाम कोणता आणि तो मला सापडणार का.

१. आधी पीक ठरवा, विद्यापीठ त्याच्या मागून येतं

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. बरेच जण "कुठे नंबर लागतोय बघू" म्हणून फॉर्म भरतात आणि मग डाळिंबावर काम करायची इच्छा असलेला मुलगा काजूवर बसतो. आंबा, काजू, नारळ, कोकम, मसाला पिकं करायची असतील तर दापोली. द्राक्ष, डाळिंब, कांदा म्हटलं की राहुरी आणि तिचं पुण्याचं कॉलेज, संत्र्यासाठी अकोला, मोसंबीसाठी परभणी. याशिवाय आयसीएआर म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषद, तिच्या पीकनिहाय संस्था आहेत, पुण्याजवळ मांजरीला द्राक्ष, सोलापूरला डाळिंब, राजगुरूनगरला कांदा-लसूण, नागपूरला लिंबूवर्गीय फळं. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बेंगळुरूची आयआयएचआर (भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था) आणि दिल्लीची पुसा (भारतीय कृषी संशोधन संस्था).

शाखाही नीट बघा. उद्यानविद्या म्हणजे एकच विषय नाही. फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, फुलशेती, मसाला व लागवडीची पिकं, काढणीपश्चात तंत्रज्ञान असे वेगवेगळे विभाग आहेत आणि पुढे नोकरीच्या जाहिरातीत नेमकी शाखा विचारतात. भात, नाचणी, कडधान्यं यांच्यात रस असेल तर तुमचा विषय कृषिविद्या किंवा वनस्पती पैदासशास्त्र, उद्यानविद्या नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. भाजीपाला, फुलं ही पिकं तीन-चार महिन्यांत हातात येतात, एक प्रयोग फसला तरी त्याच वर्षी परत लावता येतो. आंब्याला ती सोय नाही. घरची परिस्थिती अशी असेल की तीन-साडेतीन वर्षांत बाहेर पडायलाच हवं, तर हे गणित विषय घ्यायच्या आधी मांडा.

२. आपल्या जवळपास काय आहे

ठाणे किंवा नवी मुंबईत कृषी विद्यापीठ नाही, पण हा सगळा पट्टा दापोलीच्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, तिथे खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढल्यात. कर्जतला प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे, तेही मुख्यतः भाताचं. रोह्याजवळ किल्ला इथे काढणीपश्चात तंत्रज्ञानाची पदव्युत्तर संस्था आहे, आणि दिवा-रोहा मेमूमुळे ती आपल्याला दापोलीपेक्षा कितीतरी जवळ पडते. फॉर्म भरायच्या आधी या तीनपैकी एका ठिकाणी तरी दिवसभर जाऊन या, लोक मनापासून दाखवतात.

तुर्भ्याची एपीएमसी विसरू नका. काढणीनंतरच्या फळावर काम करायचं असेल तर फळ मार्केट तुमच्या दारात आहे, आणि पणन मंडळाचं विकिरण सुविधा केंद्रही वाशीतच आहे. मी आमच्या बॅचच्या मुलांना हे दोन्ही दाखवायला घेऊन गेले होते, त्यातल्या एकीला तिचा विषय तिथेच सुचला, पेटीतला आंबा बाहेरून छान पिवळा आणि आतून साका, म्हणजे गर पांढरट आणि खराब झालेला, निघालेला बघून.

खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आहे, तिथे रेडिएशन वापरून पिकांच्या नव्या जाती काढतात, भुईमुगाची टीएजी-२४ तिथलीच. पण तिथली पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमार्फत आणि जीवशास्त्रात होते, वाट पूर्ण वेगळी आहे. दोन्हींची गल्लत करू नका.

३. पात्रता आणि प्रवेशाचे दोन दरवाजे

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: बीएस्सी-एमएस्सी बॉटनी झालीय, चालेल का? कृषी विद्यापीठं उद्यानविद्येच्या पीएचडीला त्याच किंवा संलग्न शाखेतली एमएस्सी ॲग्री किंवा एमएस्सी हॉर्टी मागतात. बॉटनीवाल्यांनी मुंबई विद्यापीठाची पेट ही पीएचडी प्रवेश परीक्षा देऊन वनस्पतिशास्त्रात पीएचडी करावी, विषय एखाद्या पिकावरचा घेता येतो, पण डिग्रीवर बॉटनी लागणार आणि कृषी विद्यापीठातल्या जागांना ती सहसा चालत नाही. हे आधी कळलेलं बरं.

पहिला दरवाजा राज्याचा. चारही विद्यापीठांचा प्रवेश एमसीएईआर, म्हणजे पुण्याची महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, हिच्यामार्फत सामाईक होतो. सीईटीचे मार्क आणि एमएस्सीचा ओजीपीए (एकूण ग्रेड पॉइंट सरासरी) दोन्ही सांभाळा, किती वजन कशाला हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा, मागच्या बॅचच्या सीनिअरने सांगितलेलं गृहीत धरू नका.

दुसरा दरवाजा आयसीएआरचा. एआयसीई जेआरएफ-एसआरएफ ही देशपातळीची परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेतं, पेपर इंग्रजीत, कॉम्प्युटरवर, दोन तासांत १२० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकीच्याला १ वजा. नंबर चांगला आला तर देशात कुठेही जागा आणि वर फेलोशिप. दोन्ही फॉर्म भरा, फक्त एकावर बसू नका.

नेट वेगळी बरं का. कृषीची नेट एएसआरबी (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ) घेतं आणि ती पुढे शिकवायच्या नोकरीसाठी उपयोगी आहे, तिच्यामुळे पीएचडीला आपोआप प्रवेश मिळत नाही. पण अभ्यास बराचसा एकच आहे, त्यामुळे एका तयारीत दोन्ही उरका.

४. कागदपत्रं

दहावी-बारावीची मार्कशीट, बीएस्सी आणि एमएस्सीचे सगळ्या सेमिस्टरचे ट्रान्सक्रिप्ट, पीडीसी म्हणजे प्रोव्हिजनल डिग्री, एमएस्सीचा थिसिस जमा केल्याचं पत्र, टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन, डोमिसाइल, आरक्षण असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेअर, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं ॲफिडेव्हिट, नोकरी असेल तर एनओसी.

आता नवी मुंबईकरांसाठी खास. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. आपण सगळेच "नवी मुंबई" लिहितो आणि मग चुकीच्या तहसीलकडे अर्ज करून पंधरा दिवस घालवतो. शिवाय जातीचा दाखला बहुतेकांचा गावच्या जिल्ह्यातला असतो, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, तर व्हॅलिडिटीला तिकडे धावावं लागतं. हे काम एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरलाच सुरू करा. मुलींनी लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत जवळ ठेवा, नाहीतर प्रत्येक खिडकीवर तेच समजावत बसावं लागतं.

५. गाईड

गाईडच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारा. निवृत्ती कधी आहे, हाताखाली सध्या किती विद्यार्थी आहेत, आणि तुमच्या पिकाची झाडं त्यांच्या ताब्यात आहेत का. पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटतो पण विचाराच. माझ्या एका बॅचमेटचे गाईड दुसऱ्या हंगामाच्या मधोमध निवृत्त झाले, नव्या गाईडना विषय पटेना, आणि तिचा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, परत लिहायला लागला. तिची काही चूक नव्हती, तारीख कोणी बघितली नव्हती एवढंच.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, थिसिसचं प्रकरण तपासून किती दिवसांत परत येतं हे विचारा. बाकी गाईड कडक आहे की प्रेमळ याचा फार विचार करू नका, बागेत येणारा गाईड मिळाला की पुरे.

६. पैसे

आयसीएआरची फेलोशिप मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय यांच्या संशोधन फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे. जाहिरात आली की मुदत थोडी असते, म्हणून पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र, आधार लिंक असलेलं बँक खातं, गाईडच्या सहीचं संशोधनाचं कामकाज प्रमाणपत्र हे तयार ठेवा. पगार आणि फेलोशिप एकत्र चालत नाही.

फेलोशिपचे पैसे उशिरा येतात हे धरूनच चला, सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. मेसची व्यवस्था होते, पण मजूर, केमिकल, नमुने घेऊन जाणं-येणं हे खिशातूनच करावं लागतं. "महापेला जॉब करत करत करेन" असं खूप जण म्हणतात, तसं होत नाही. कोर्सवर्कला पूर्ण वेळ हजेरी लागते आणि मोहोर फुटला की तुम्ही झाडाखालीच पाहिजे.

७. कोर्सवर्क आणि प्रिलिम, पटकन उरका

नव्या अभ्यासक्रमात पीएचडी १०० क्रेडिटची आहे: मेजर १२, मायनर ६, सपोर्टिंग ५, सेमिनार २ आणि संशोधन ७५. आकडेच सांगतात की वजन कुठे आहे. पहिल्या वर्षी कोर्सेस, मग प्रिलिम, म्हणजे कोर्सेसनंतरची लेखी आणि तोंडी पात्रता परीक्षा. सपोर्टिंगमध्ये स्टॅटिस्टिक्स घ्याच, नंतर दुसऱ्याला पैसे देऊन ॲनालिसिस करून घेतलेली मुलं वायवात अडकतात.

८. प्रयोग: इथे वेळ द्या

हापूसचं कॅलेंडर असं चालतं. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पॅक्लोब्युट्राझोल म्हणजे कल्टार मुळाशी देतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास पालवी, थंडी पडली की मोहोर, मग कणी, वाटाणा, गोटी, अंडाकृती आणि एप्रिल-मेला तोड. म्हणजे तुमचा सिनॉप्सिस पहिल्या वर्षाच्या जूनपर्यंत मंजूर झाला तरच जुलैचा हंगाम मिळतो, कल्टारचा विषय असेल तर नक्कीच. तो सप्टेंबरात मंजूर झाला तर तुम्ही वर्षभर मागे. मी मेच्या पहिल्या आठवड्यातच सल्लागार समितीच्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या, एकाकडे तर सुट्टीत त्यांच्या गावी जाऊन, आणि तो दिवस आजही मला सार्थकी लागलेला वाटतो.

झाडं निवडताना सारखं वय, सारखा घेर, आणि मागच्या वर्षी किती धरलं याची माहिती बघा. हापूस वर्षाआड धरतो, त्यामुळे गेल्या वर्षी भरभरून दिलेली आणि रिकामी राहिलेली झाडं एकाच ब्लॉकमध्ये मिसळली तर ट्रीटमेंटचा फरक दिसतच नाही. आमच्याकडे आरबीडी (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, झाडांचे गट पाडून करायची प्रयोगाची मांडणी) होती, ८ ट्रीटमेंट, ३ रेप्लिकेशन म्हणजे प्रत्येक ट्रीटमेंट तीनदा, म्हणजे २४ झाडं. एरर डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे (ट्रीटमेंट वजा १) गुणिले (रेप्लिकेशन वजा १), किमान १२ यावी असं धरतात, ८ आणि ३ ला ती १४ येते. ५ ट्रीटमेंट घेतल्या तर ४ रेप्लिकेशन लागतील. हे गणित गाईडकडे जायच्या आधी स्वतः मांडून जा.

फवारणीचं हातातलं सांगते. पंधरा लिटरच्या पंपाला १ टक्का पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १५० ग्रॅम, ते आधी बादलीत थोड्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि मग पंपात, नाहीतर नोझल तुंबतं आणि अर्ध्या झाडाला कमी मिळतं. सकाळी लवकर, वारा नसताना. शेजारच्या झाडावर उडू नये म्हणून आम्ही मध्ये ताडपत्री धरून उभ्या राहायचो. प्रत्येक झाडाला चारही दिशांना मोहोराचे तुरे टॅग केले होते आणि त्यातली उभयलिंगी फुलं मोजायची, प्रत्येक बारीक फुलात हिरवट-पिवळा अंडाशय आहे का ते भिंगातून बघून. एका तुऱ्याला पाऊण तास. हे काम कोणावर सोपवू नका, थिसिसचा निम्मा जीव त्या आकड्यांत असतो. टॅग ॲल्युमिनियमचे घ्या, कागदी आणि प्लास्टिकचे कोकणच्या उन्हात आणि दवात तीन महिन्यांत वाचता येत नाहीत.

आता जे घडलं ते. २०१९ ला पाऊस लांबला, मोहोर उशिरा आला. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं, मी घरी न जाता तिथेच राहिले म्हणून पहिला हंगाम वाचला, आई ऐरोलीत एकटी होती आणि रोज फोनवर रडायची. तोड झाली, नमुने फ्रीझरमध्ये गेले, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुसऱ्या दिवशी बागेत गेले तेव्हा माझी दोन झाडं मुळासकट आडवी होती, टॅग तसेच लटकत होते. तिसरं कललेलं. सगळ्या तालुक्यात तारा तुटलेल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि फ्रीझरमधला गर वितळून आंबला. दुसऱ्या हंगामाला बदली झाडं घ्यावी लागली आणि पहिल्या वर्षीच्या गराचं रासायनिक पृथक्करण जेवढं आधी झालं होतं तेवढंच राहिलं.

त्यातून शिकलेलं: नमुना साठवून "नंतर करू" असं करू नका, पिकलेल्या फळाचा टीएसएस (रसात विरघळलेले घटक, मुख्यतः साखर) आणि आम्लता त्याच दिवशी काढा. रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब आणि ब्युरेटमधून सोडिअम हायड्रॉक्साईड, गुलाबी रंग टिकला की वाचन, एका फळाला दहा मिनिटंही लागत नाहीत. सुरुवातीलाच दोन-तीन जादा झाडं निवडून त्यांच्याही नोंदी ठेवा. आणि रोजच्या फील्ड बुकचा रात्री मोबाईलवर फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवा. माझ्या सगळ्या नोंदी माझ्या बहिणीच्या फोनमध्ये होत्या म्हणून राहिल्या, वह्या भिजल्या होत्या.

९. वाचन आणि ॲनालिसिस

जुने थिसिस कृषिकोश या ऑनलाइन संग्रहावर मोफत मिळतात, तुमच्या पिकावरचे मागचे दहा तरी वाचा, विषय आधी झालाय का तेही कळतं. जर्नल्ससाठी विद्यापीठाच्या इंटरनेटवरून सेरा हे कृषी जर्नल्सचं पोर्टल वापरा. साध्या ॲनोव्हाला, म्हणजे ट्रीटमेंटमधला फरक तपासायच्या गणिताला, हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ऑपस्टॅट पुरतं, पुढचं करायचं असेल तर आर हे सॉफ्टवेअर शिका. दोन्ही वर्षांचं पूल्ड (एकत्रित) ॲनालिसिस करताना झाडं बदलली असतील तर ते लपवू नका, मटेरियल अँड मेथड्समध्ये सरळ लिहा. मी लिहिलं आणि बाहेरच्या परीक्षकांनी वायवात पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारला, कारण आणि केलेली दुरुस्ती सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

१०. पेपर, थिसिस, वायवा

पेपर नास (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंग असलेल्या जर्नलला पाठवा, यादी दर जानेवारीत नवी येते, ती बघूनच. "आठ दिवसांत छापतो, एवढे पैसे भरा" असे मेल येतील, त्यांच्या नादी लागू नका. पहिल्या हंगामाचा पेपर दुसरा हंगाम चालू असतानाच पाठवा, परीक्षणाला महिनोन्महिने जातात.

थिसिसचं रिव्ह्यू ऑफ लिटरेचर पावसाळ्यात लिहा, बागेत काम कमी असतं. प्लेजरिझम तपासणी शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, पद्धतींच्या वर्णनातच सगळ्यात जास्त साम्य निघतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

वायवाला ठाण्याहून घरचे येणार असतील तर कोकणकन्या किंवा दिवा-सावंतवाडीने खेडला उतरून एसटीने दापोली, गणपती आणि मे महिन्यात तिकीट मिळत नाही, तारीख कळली की लगेच काढा. वायवा झाली की पीडीसीचा अर्ज त्याच दिवशी द्या. नोकरीच्या फॉर्मला पीडीसी चालते, दीक्षांत समारंभाची वाट बघत बसलात तर मधल्या जाहिराती निघून जातात.